ऑक्सिमीटर नेताय? आधी हे वाचा
(आमच्याकडून ऑक्सिमीटर विकत किंवा ऑक्सिजन मशीन भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर खरं तर रक्ताचा रंग बघतो. त्यात दोन दिवे असतात: एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० चा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन किती आणि रिकामं किती, एवढाच हिशोब त्याला येतो. तिसरंच काही समोर आलं की तो फसतो.

मेथहिमोग्लोबिन हे त्यातलंच. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस या नेहमीच्या रूपातून फेरिक रूपात गेलं की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. वर उरलेलं चांगलं हिमोग्लोबिनही आपल्याकडचा ऑक्सिजन सहजी सोडत नाही. सगळ्यांच्याच रक्तात मेथहिमोग्लोबिन एखादा टक्का असतं, शरीर ते निस्तरत राहतं. १०-१५ टक्क्यांवर गेलं की ओठ, नखं निळसर-राखाडी दिसू लागतात. आणखी वाढलं की डोकेदुखी, धाप, चक्कर. ५० च्या पुढे झटके आणि बेशुद्धी, ७० च्या पुढे जिवावरच बेततं.

ऑक्सिजन लावूनही माणूस निळा आणि आकडा ८५ च्या आसपास अडकलेला, ही मोठी खूण. सिरिंजमध्ये काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं, हवा लागली तरी लाल होत नाही. अशा वेळी ‘मशीन बिघडलं’ म्हणून आम्हाला फोन करू नका. मशीन नंतर बदलून देऊ, पेशंटला आधी मोठ्या दवाखान्यात हलवा. नेमकं प्रमाण को-ऑक्सिमीटरवरच (काढलेल्या रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर) कळतं.

हे होतं कशाने? कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या गोळ्या, जागा बधिर करणारं बेन्झोकेन, नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध. शेतकरी मंडळींनी विशेष जपावं ते फुलधारणेसाठी फवारायच्या नायट्रोबेन्झीनला. पोटात गेलं असेल तर बाटली सोबत न्या. लेबल पाहिलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. उतारा म्हणून मिथिलीन ब्लू शिरेतून देतात. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर आधीच सांगा, त्यांना हे औषध उलटू शकतं.

गॅस गिझरच्या धुराचं याच्या बरोबर उलट. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो आणि ऑक्सिमीटर खुशाल ९८-९९ दाखवतो. बाथरूममध्ये कुणी कोसळलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि गिझर बंद करा. ऑक्सिमीटर शोधत बसू नका.