गोवळकोट ते दाभोळ, शिडाच्या होडीने : तारीख ठरवण्याआधी वाचा

कोजागिरी जवळ आली की आमचा फोन वाजायला लागतो. "खाडीत होडी, वर टिपूर चांदणं, पौर्णिमेचीच तारीख द्या." आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक परत पाठवायला आम्हालाही जिवावर येतं, पण त्या दिवशी पाणी आणि वारा दोन्ही आपल्या वाटेत आडवे येतात.

चिपळूणखाली गोवळकोटपासून दाभोळपर्यंतची सुमारे 40 किलोमीटर वाशिष्ठी ही नदी कमी आणि खाडी जास्त. पाणी दिवसातून दोनदा वर चढतं, दोनदा उतरतं. आमची होडी उतरत्या पाण्याबरोबर जाते. तीन दिवस, दोन मुक्काम. ओहोटी संपली की नांगर टाकायचा. भरतीच्या विरुद्ध वल्ही मारणं हौशी माणसाचं काम नाही. इंजिन आहे, पण ते अडीअडचणीला.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी पुरी. थोडाफार फरक पडू शकतो, म्हणून आम्ही छापील कोष्टकही बघतो. ही वेळ खाडीच्या तोंडाची. गोवळकोटला भरती बरीच उशिरा पोचते. आणखी एक गंमत अशी की आपण समुद्राकडे जात असतो आणि पुढची भरती समुद्राकडूनच आपल्या अंगावर येत असते. त्यामुळे ओहोटीचे सहा तास आपल्या हाती पुरे लागत नाहीत. आम्ही पाचच धरतो.

आता वारा. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे. शीड भरून ती आपल्याला दाभोळच्या दिशेने नेते. नऊ-दहानंतर ती मरते, वारा पडतो, आणि दुपारी खारा वारा समोरून येतो. म्हणजे ओहोटी सकाळची हवी.

पौर्णिमेचा हिशेब करून बघा. पंधरा पाऊण सव्वा अकरा. सकाळभर भरती समोरून, आणि ओहोटी लागते तोवर खारा वारा उठलेला. उधाणाचं पाणी जोरात बाहेर धावतंय, वारा त्याला मागे रेटतोय. दाभोळजवळच्या रुंद पात्रात मग अशा तुटक, उभ्या लाटा उठतात की चांदण्याची आठवण कुणालाच राहत नाही. अमावास्येलाही तेच.

म्हणून आम्ही सप्तमीला निघतो. सप्तमी, अष्टमी, नवमी : पूर्ण भरती सव्वापाच, सहा, पावणेसात. तिन्ही दिवस उजाडताना पाणी आणि मतलई आपल्या बाजूची. हे भांगाचे, म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे दिवस, ओढ कमी असते, होडी रमतगमत जाते. घाई असलेल्यांनी एसटी पकडावी. भांगाचा दुसरा फायदा आमच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, जास्त मोलाचा वाटतो. नवमीनंतर भरती रोज थोडी थोडी वाढत जाते. होडी कुठे वाळूच्या दांड्यावर बसलीच, तर पुढची भरती तिला उचलते. पौर्णिमेनंतर उलटं : भरती रोज उतरत जाते आणि ऐन भरतीला रुतलेली होडी दिवसेंदिवस तिथेच राहू शकते.

चांदणं हवंच असेल तर शुद्ध पक्षातली सप्तमी मागा. संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर असतो, मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. जेवण, गप्पा, भेंड्या, सगळं त्यात होतं.

पहिला मुक्काम बहिरवलीच्या अलीकडे, म्हणजे जगबुडी वाशिष्ठीला मिळते त्याआधी. दुसरा परचुरीच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी दाभोळला उतरून दगडी अंडा मशीद बघता येते. समोर धोपाव्याला जाणारी फेरीबोट गाड्या भरून सारखी ये-जा करते. तिला वाट आपण द्यायची. अंजनवेलचा गोपाळगड होडीतून दुरून दाखवतो. खाडीच्या तोंडाबाहेर आम्ही जात नाही, कितीही आग्रह केलात तरी.

मगरींबद्दल सगळे विचारतात. आहेत, आणि भरपूर आहेत. ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पाण्यात पोहणं नाही, हातपाय होडीबाहेर सोडणं नाही, काठावर खरकटी भांडी धुणं नाही. लहान मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट झोपेपर्यंत राहील. यावर वाद घालू नये.

सामानात जुने कॅनव्हासचे बूट आणाच. ओहोटीला उतरताना गुडघाभर चिखल असतो आणि खडकांना चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या लागतात. चपला चिखलातच राहतात. पहाटे गारठा असतो, कानटोपी लागेल. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर आम्ही भरून घेतो, खाडीचं खारं पाणी चहालाही चालत नाही. मासे वाटेत मिळतील ते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आयत्या वेळी फक्त पिठलं-भात होतो.

पावसाळ्यात होड्या शाकारून काठावर असतात, तेव्हा विचारू नका. बुकिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एका खेपेला सहा माणसं. फोन करताना तारखेऐवजी महिना सांगा. पंचांग आमच्याकडे आहे.