सिमेंट निघालं की दाढच तुटली?

गेल्या दिवाळीत चकली खाताना दाताखाली काहीतरी कडक आलं. चकलीचाच तुकडा असेल म्हणून आणखी दोनदा चावलं आणि मग ताटाच्या कडेला काढून ठेवलं. पिवळसर पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं. जिभेला दाढेत खड्डा लागत होता. घरात सगळ्यांचं एकच, "सिमेंट निघालं असणार." प्रत्यक्षात निघाली होती दाढेची भिंत, सिमेंट जागच्या जागी शाबूत होतं.

दातात भरलेली चांदी निघाली तर कळतं, तुकडा काळपट करडा असतो. दाताच्या रंगाचं सिमेंट मात्र हुबेहूब दातासारखं दिसतं. तिथे जिभेवर थोडा भरवसा ठेवता येतो : सिमेंट निघालेला खड्डा सहसा कोरल्यासारखा, बोथट कडांचा, तुटलेल्या दाताची कड पात्यासारखी, जीभ सोलून काढणारी. पक्कं काय ते डॉक्टरच सांगणार.

दुखण्यावरून ठरवायला जाल तर हमखास फसाल. सिमेंट निघालं की आतला मऊ थर उघडा पडतो आणि गार पाण्याने कळ येते, म्हणजे किरकोळ गोष्टीत जास्त बोंब. उलट रूट कॅनाल झालेल्या दाढेत नसच उरलेली नसते. ती अर्धी तुटली तरी हू की चू नाही. तिसरा प्रकार सगळ्यात लबाड : दाढेला नुसती चीर. चावताना, विशेषतः चावून दात उघडताना कळ येते, आणि एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

शिवाय सिमेंट निघणं आणि दाढ तुटणं या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. चांदी दाताला चिकटत नाही, म्हणून ती अडकून राहावी अशी पोकळी आतून रुंद कोरतात. बाजूच्या भिंती पातळ होतात आणि काही वर्षांनी एखादी ढासळते. दाताच्या रंगाचं सिमेंट चिकटतं, पण निळ्या उजेडाखाली घट्ट होताना किंचित आकसतं. कडेला फट राहिली तर तिथून पुन्हा कीड शिरते. म्हणून "तेच परत बसवून द्या" हा हट्ट धरू नये. आधी खालची कीड काढायला हवी.

सिमेंटचं काम बहुधा एका बैठकीत उरकतं. तुटलेल्या दाताचं तसं नाही. वरचा टवका उडाला तर घासून, भरून भागतं. भिंत गेली तर कॅप. आत लाल ठिपका दिसला, म्हणजे नस उघडी पडली, तर बहुतेकदा आधी रूट कॅनाल. चीर मुळापर्यंत उभी गेली असेल तर दाढ काढावी लागते. रूट कॅनालच्या दोन बैठकींमधलं तात्पुरतं सिमेंट पडलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लाळ थेट आत जाते.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, दुसऱ्या बाजूने चावणं. लवंगेचं तेल कापसावर एक थेंब, तेही दातावरच. हिरडीला लागलं तर भाजतं. फेविक्विक तर नकोच. गालाला सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या दाताचा तुकडा दुधात ठेवून न्यावा, पुष्कळदा तो परत चिकटवता येतो. मीही माझा दाणा डबीत जपून नेला होता. डॉक्टरांनी चिमट्यात धरून पाहिला, "दाढेवर हा टिकायचा नाही," म्हणाले, आणि कॅपसाठी माप घ्यायला बसले.