दगड अ‍ॅझ्टेकांचा, तारीख मायांची
२०१२ साली जग बुडण्याच्या बातम्यांसोबत जे गोल दगडी चक्र सगळीकडे झळकत होतं, ते मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं नव्हतंच. ती अ‍ॅझ्टेकांची सूर्यशिला. १७९० च्या डिसेंबरात मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडलेली, साडेतीन मीटरहून जास्त व्यासाची, सुमारे २४ टनांची. तारीख तेवढी मायांची. ही गल्लत अजूनही होते आणि मला ती फार खटकते, कारण काळाकडे बघण्याच्या दोन वेगळ्या रीती तिच्यात पुसल्या जातात.

सारखेपणा आहे, नाही असं नाही. दोघांकडेही २६० दिवसांचं एक चक्र आणि ३६५ दिवसांचं दुसरं. दोन्हींची सांगड पुन्हा तशीच जुळायला ५२ वर्षं लागतात. पण मायांनी याखेरीज दीर्घगणना ठेवली होती. आपल्या पंचांगात संवत्सराचं नाव ६० वर्षांनी परत येतं आणि शकाचा आकडा मात्र पुढेच जातो. ५२ वर्षांचं चक्र संवत्सरासारखं, दीर्घगणना शकासारखी. इ.स.पू. ३११४ पासून ती एकेक दिवस मोजते. १,४४,००० दिवसांचा एक बक्तुन, आणि असे १३ बक्तुन २१ डिसेंबर २०१२ ला भरले. भरले, इतकंच. पालेंके या माया शहरातल्या शिलालेखात तर इ.स. ४७७२ मधली तारीख कोरलेली आहे!

अ‍ॅझ्टेकांकडे ही दीर्घगणना नव्हती. त्यांच्याकडे होती ती प्रलयाची कथा. शिलेच्या मधल्या चेहऱ्याभोवती चार चौकटी दिसतात. ते होऊन गेलेले चार सूर्य, म्हणजे चार जगं. एक जग जग्वारांनी खाल्लं, एक वाऱ्याने नेलं, एक अग्निवर्षावात जळलं, एक पाण्यात बुडालं. आपण पाचव्या सूर्याखाली राहतो आणि तो भूकंपाने जाणार. कोणत्या वर्षी, ते ठरलेलं नाही.

म्हणजे मायांकडे तारीख होती, अ‍ॅझ्टेकांकडे प्रलय. दोन्ही एकत्र बांधले ते आपल्या काळातल्या अवकाशकथांनी, आणि त्यात निबिरू नावाचा, कुठेच नसलेला ग्रह आणून सोडला. त्याची धडक आधी २००३ मध्ये होणार होती. ती चुकल्यावर २०१२ ची तारीख देण्यात आली.

अशा कथांत संकट बाहेरून येतं आणि एखादा वीर ते परतवतो. अ‍ॅझ्टेकांची भीती घरात शिरलेली असे. ५२ वर्षं भरली की शहरातल्या सगळ्या चुली विझवत. गरोदर बायकांना मुखवटे घालून कणगीत कोंडत, मुलांना झोपू देत नसत. पुजारी डोंगरावरून कृत्तिकांकडे डोळे लावून बसत. कृत्तिका मध्यरात्री माथ्यावरून पुढे सरकल्या की बळी दिलेल्या माणसाच्या छातीवर नवा अग्नी पेटवत आणि तो मशालींनी घरोघर पोचवत.

असा शेवटचा सोहळा १५०७ मध्ये झाला. पुढचा १५५९ ला यायचा होता; पण त्यांची राजधानी तेनोच्तित्लान १५२१ मध्येच स्पॅनिशांच्या हाती पडलं.