बर्ड्सव्हिलच्या शर्यती

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, डायमंटिना नदीकाठी आणि सिम्प्सन वाळवंटाच्या सीमेवर वसलेल्या बर्ड्सव्हिल या गावी दरवर्षी सप्टेंबरच्या आरंभी भरणाऱ्या घोड्यांच्या शर्यती. गावाची कायम वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशे. शर्यतींच्या दिवसांत मात्र तेथे काही हजार माणसे जमतात.

पहिल्या शर्यती सप्टेंबर 1882 मध्ये झाल्या. तीन दिवस चाललेल्या त्या मेळाव्याला आसपासच्या पशुपालन केंद्रांचे मालक, व्यवस्थापक आणि गुराखी मिळून सुमारे दीडशे लोक आले होते आणि बक्षिसांची एकूण रक्कम 200 पौंडांच्या जवळपास होती. त्या काळी क्वीन्सलँड व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वेगळ्या वसाहती असल्याने सरहद्द ओलांडणाऱ्या गुरांवर येथे जकात घेतली जाई, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी या गावच्या रेल्वेकडे दक्षिणेला हाकत नेले जाणारे कळप याच वाटेने जात. माणूस आणि घोडा दोघेही येथे आधीच येऊन थांबलेले असत. शर्यत लावायला आणखी काय हवे? 1901 मध्ये वसाहतींचे संघराज्य झाल्यावर जकात बंद पडली व गाव ओसरत गेले. ज्या व्यवहाराने गावाला महत्त्व आले तो संपला, शर्यती मात्र टिकल्या.

शर्यतींचे मैदान गावाबाहेर असून धावपट्टी गवताची नव्हे, मातीची आहे. मुख्य शर्यत ‘बर्ड्सव्हिल कप’ 1600 मीटरची असते. मेलबर्नसारख्या महानगरांतील हिरवळीच्या मैदानांशी तिची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही, कारण येथे येणाऱ्यांना घोड्यांइतकेच प्रवासाचेही अप्रूप असते. ब्रिस्बेन सुमारे 1600 किलोमीटर दूर आहे. कोणी मरीपासूनच्या पाचशेहून अधिक किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने येतो, तर कोणी छोट्या विमानाने 1884 च्या जुन्या हॉटेलसमोरील धावपट्टीवर उतरतो आणि विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकतो. दुर्गम भागात वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’साठी या निमित्ताने निधी उभारण्याची प्रथा आहे, जवळचे मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटरवर असलेल्या प्रदेशात ती केवळ औपचारिक नाही.

शर्यतींत खंडही पडला आहे. 2007 मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएन्झामुळे, तर 2020 मध्ये कोविडमुळे त्या झाल्या नाहीत. 2010 मध्ये वाळवंटाच्या काठावरचे हे मैदान चक्क पावसाने चिखलमय झाले आणि शर्यती रद्द कराव्या लागल्या.