अल्टरनेटर नवा, तरी बेल्ट का किंचाळतो?

खानापूर-जांबोटीकडे पावसानं धार धरली की बेळगावच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: "परवाच अल्टरनेटर बदलला, आणि आता सकाळी गाडी चालू केली की बेल्ट किंचाळतोय." अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज करणारं यंत्र. गाडीवाला म्हणतो, पार्ट डुप्लिकेट. फिटर म्हणतो, "आणि जरा टाइट करतो की." जुन्या गाड्यांत अल्टरनेटर पट्टीवर सरकवून ताण देतात, तिथं हे जमतं आणि आवाजही थांबतो. पुढं अल्टरनेटरचं बेअरिंग गुरगुरायला लागतं, ती गोष्ट वेगळी.

मुळात बेल्ट पुलीला धरतो तो नुसत्या ताणानं नव्हे, वेढ्यानं. बैल कितीही हिसडे देवो, दाव्याचे दोन-तीन वेढे खुंट्याला घातले की मोकळं टोक पोरगंही धरून ठेवतं. लेओनहार्ड ऑयलर (१७०७–१७८३) यानं याचं गणित मांडलं. ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या जास्तीत जास्त किती पट होईल? तर e (सुमारे २.७१८) या संख्येचा घात, आणि घातांक म्हणजे घर्षणांक गुणिले वेढ्याचा कोन, रेडियनमध्ये. कोन घातांकात बसलाय, सगळी गंमत तिथं आहे.

घर्षणांक ०.३ धरा. सपाट पट्टा, वेढा १२० अंश: दुप्पटही नाही. पण आपल्या बेल्टला ४० अंशांच्या खाचा असतात, पाचर बसते आणि पकड जवळजवळ तिप्पट होते. मग तोच वेढा सुमारे ६ पट देतो, १८० अंशांचा तर १६ पट. आता बेल्ट भिजून घर्षण निम्मं झालं, तर १२० अंशांत उरतात जेमतेम अडीच पट.

जुना अल्टरनेटर मरता मरता बॅटरी पिऊन गेलेला असतो, ती भरायचं काम नव्यावर येतं. त्यात वायपर, ब्लोअर, दिवे. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, ६० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॅट. ६० टक्के कार्यक्षमता धरली तर इंजिनाकडून १४०० वॅट. बेल्टचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल, तर ओढ, म्हणजे दोन बाजूंच्या ताणातला फरक, सुमारे २४ किलोची. बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग दमली आणि सैल बाजूला १५ किलोच ताण उरला, तर कोरडा बेल्ट ७५ किलोपर्यंत ओढ सहज पेलतो, ओला मात्र साडेबावीसलाच घसरतो. किंचाळणं ते हेच.

निदान सोपं आहे. इंजिन चालू ठेवून, हात-शर्ट लांब ठेवून, खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी. क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. ३० सेंटिमीटरमागं दीड मिलिमीटरचा फरकही चिवचिवाटाला पुरतो, म्हणून माउंटिंगचा बोल्ट पुरता बसलाय का, पुलीच्या खाचा जुन्याइतक्याच आहेत का, ते बघा. जुन्या अल्टरनेटरला एकाच दिशेनं पकडणारी पुली होती आणि नव्याला साधी आली, तर रोटरची जडता इंजिनाच्या झटक्यांशी भांडते आणि टेन्शनरचा दांडा थडथडतो.

बेल्टवर मारायचा स्प्रे आवाज झाकतो, घसरण नाही. लिंबू-मिरचीचा घर्षणांक अजून कुणी मोजलेला नाही.

इंजिन बंद करून टेन्शनरची खूण दोन रेघांच्या मध्ये आहे का पाहा, दांडा पान्यानं फिरवून अडकत नाही ना तेही. आणि त्याआधी बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्जिंगला लावा.