खास शाळा की गावची शाळा: बेळगावच्या मराठी घरांपुढचा जुना पेच

दिव्यांग मुलानं खास शाळेत शिकावं की गावातल्या इतर मुलांबरोबर, हा वाद देशभर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत त्याला भाषेचाही पदर आहे. सरकारी खास शाळेत घातलं तर शिक्षण कन्नडमधून आणि घरापासून लांब. गावच्या मराठी शाळेत घातलं तर भाषा आपली, पण ब्रेल किंवा खुणांची भाषा येणारे गुरुजी नाहीत.

वेगळ्या शाळांची परंपरा जुनी. मुंबईत १८८० च्या दशकात मूकबधिरांची शाळा निघाली, १८८७ मध्ये अमृतसरला अंधशाळा, १९०१ मध्ये म्हैसूरला अंध-मूकबधिरांची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पण खानापूरच्या शेतकऱ्याला मुंबई काय नि म्हैसूर काय, दोन्ही सारखीच दूर. मूल घरीच राहायचं.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पुढे कर्नाटक सरकारनं मूकबधिरांसाठी चार आणि अंधांसाठी चार निवासी शाळा चालवल्या. मूकबधिरांची एक बेळगावात आहे, अंधांसाठी जवळची म्हणजे हुबळीची.

इथं ब्रेलबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठी ‘क’ असो की कन्नड ‘क’, ठिपके तेच, सहा ठिपक्यांतला पहिला आणि तिसरा. दोन्ही भाषांतला ‘ळ’ही एकच: चौथा, पाचवा, सहावा. डोळस मुलाला दोन लिप्या गिरवाव्या लागतात, अंध मुलाला एकच पुरते. म्हणजे अडचण लिपीची नाहीच. मराठी जाणणारा ब्रेल शिक्षक नेमला जात नाही, ही अडचण आहे.

कर्णबधिर मुलाचं दुखणं वेगळं. मूकबधिर शाळांत वर्षानुवर्षं ओठ वाचून बोलायला शिकवण्यावर भर राहिला. शाळेत बाईंचे ओठ कन्नड आणि सुट्टीत घरी आईचे मराठी, तर त्या पोरानं काय वाचायचं? खुणांच्या भाषेला सरकारी आधार फार उशिरा मिळाला. तिची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये उभी राहिली.

दरम्यान वारं फिरलं होतं. १९७४ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची योजना काढली. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यानंतर (स्पेनमधल्या जागतिक शिक्षण परिषदेचा) ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द रुळला, १९९५ चा अपंग कायदा आला, मग सर्व शिक्षा अभियान. कर्नाटकात तालुक्याला फिरते विशेष शिक्षक नेमले गेले. पण खानापूर तालुका नकाशात पाहून कळत नाही. जांबोटी-कणकुंबीकडची जंगलातली गावं पावसाळ्यात तुटतात; तिथं फिरता शिक्षक पोचणार कधी आणि शिकवणार किती? शिवाय खास शाळा दिव्यांग सबलीकरण खात्याकडं, गावच्या शाळा शिक्षण खात्याकडं. पालक दोन्हीकडं खेटे घालतात.

समावेश म्हणजे नुसता रॅम्प, असाही समज झाला. तोसुद्धा धड होत नाही. फूटभर उंचीच्या ओट्याला बारा फूट लांब उतार लागतो. चार फुटांत उरकलेल्या रॅम्पवरून व्हीलचेअर कुणी ढकलल्याशिवाय चढत नाही, उतरताना तर धोकाच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणावरचं दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा खास शाळा, पसंतीप्रमाणे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. मला महत्त्वाचं वाटतं ते याच कायद्याचं कलम १६: अंध आणि कर्णबधिर मुलांना सर्वांत योग्य भाषेत आणि माध्यमातून शिकवावं, असं ते म्हणतं.

आणि राज्यघटनेतलं कलम ३५०क, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींचं, ते आलं १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे बेळगाव म्हैसूरला जोडलं गेलं त्याच वेळी. सीमाभागात हे कलम मराठी शाळांसाठी अनेकदा पुढं केलं जातं, दिव्यांग मुलांसाठी क्वचितच. ही दोन्ही कलमं एकाच अर्जात घालून मराठी येणाऱ्या विशेष शिक्षकाची लेखी मागणी शाळेच्या एसडीएमसीनं (शाळा विकास व देखरेख समितीनं) बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयाकडं करायला हवी.