पाच मिनिटांचे एकोणपन्नास दिवस

आमच्या दाजींची शेती कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला. नदीवर मोटार, पुढं पाइपलाइन आणि ऊस. रात्रपाळीची लाईट आली की उठून मोटार सुरू करायला जावं लागतं. ऑटो स्विच बाजारात मिळतो, पण दाजींना तो त्यांच्या मनासारखा हवा होता : लाईट आल्यावर व्होल्टेज स्थिर होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं, मगच मोटार. "पावणं, तुम्ही इंजिनियर हाय न्हवं? मग करा की."

मी सोल्डरिंग गन बाजूला ठेवून लॅपटॉपवर सिम्युलेटर उघडला, म्हणजे सर्किटची पडद्यावर हुबेहूब नक्कल चालवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, एक रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) आणि मोटारीच्या जागी एक दिवा. दाजी चहाचा कप घेऊन मागं उभे. "ह्यात मोटार कुठं हाय?" तो दिवाच मोटार समजा म्हटलं. उद्यमनगरात पॅटर्न मेकर लोखंड ओतण्याआधी लाकडाचा पॅटर्न करतो, तसंच हे. फरक इतकाच, की हा पॅटर्न चालतो.

चालतो कसा, ते बघण्यासारखं आहे. उनोवरच्या एटीमेगा 328 पी चिपचा ठोका सेकंदाला 1 कोटी 60 लाख वेळा पडतो, म्हणजे एक ठोका 62.5 नॅनोसेकंदांचा. सिम्युलेटर आपला प्रोग्रॅम वाचून अर्थ लावत बसत नाही. चिपमध्ये जी अंतिम आज्ञावली भरली जाणार तीच तो घेतो, एकेक आज्ञा उचलतो, चिपमधले 32 रजिस्टर (हाताशी आकडे ठेवायचे कप्पे), 2 किलोबाइटची मेमरी, टायमर यांची नोंद बदलतो आणि घड्याळ तेवढे ठोके पुढं ढकलतो.

चिपबाहेरच्या रोधक, डायोड, ट्रान्झिस्टर या सुट्या भागांचं गणित वेगळं. एखाद्या सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, हा किरचॉफचा 1845 चा नियम प्रत्येक सांध्याला लावून समीकरणं मांडायची. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग; त्याचा व्होल्टेज-प्रवाहाचा आलेख सरळ रेषेत नसल्यानं आधी अंदाज करायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा आणि हे काळाच्या बारीक बारीक पावलांवर पुन्हा पुन्हा. 'स्पाइस' या प्रोग्रॅमनं हेच केलं. तो 1973 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला. आजच्या बहुतेक सर्किट सिम्युलेटरांचं मूळ तिथं सापडतं.

तर, आमचा दिवा. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली, लागेना. वायरिंग बरोबर होतं. शेवटी मी प्रोग्रॅमलाच विचारलं, बाबा, किती थांबणार आहेस? उत्तर आलं : उणे 27,680.

पाच मिनिटं म्हणजे 5 × 60 × 1000, तीन लाख मिलिसेकंद. पण या चिपवर साधा पूर्णांक 16 बिटांचा असतो, त्यात 32,767 च्या पुढचं मावत नाही. तीन लाख त्यात कोंबल्यावर ते गोल फिरून उणे 27,680 झाले. थांबण्याच्या आज्ञेला उणे संख्या कळत नाही, ती 32 बिटांची धन संख्या म्हणून वाचते, आणि ती भरते 49 दिवस 17 तास! एका आकड्यापुढं 'एल' जोडून हिशेब 32 बिटांत करायला लावला, की झालं. गंमत म्हणजे हाच गुणाकार लॅपटॉपच्या नेहमीच्या सी प्रोग्रॅममध्ये बरोबर येतो, कारण तिथला पूर्णांक 32 बिटांचा. चूक दिसली ती सिम्युलेटर चिपचीच नक्कल करतो म्हणून.

आणखी एक सोय. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पूर आला की मोटारी वर काढायची धांदल, म्हणून दाजींना पातळीचा भोंगाही हवा होता. जानेवारीत 43 फूट पाणी कुठून आणणार? सिम्युलेटरमध्ये सेन्सरची पट्टी बोटानं सरकवली, की पूर.

पण जे त्याला सांगितलेलं नाही, ते त्याला ठाऊक नसतं. मी आधी रिले थेट चिपच्या पायाला (पिनला) जोडला होता, आणि पडद्यावर तो खुशाल चालला. 5 व्होल्टच्या साध्या रिलेची गुंडाळी साधारण 70 ओहमची, म्हणजे 71 मिलिअँपिअर. चिपच्या पायाची कमाल मर्यादा 40. माझ्या सिम्युलेटरच्या लेखी पाय म्हणजे आदर्श स्विच, तो कधी जळतच नाही. मग मुकाट्यानं मध्ये ट्रान्झिस्टर आणि गुंडाळीला उलटा डायोड टाकला.

पेटी बसवली त्या रात्री फोन. "पावणं, मोटार दर पाच मिनिटाला शिवून पळतीया."

घरी सर्किट पुन्हा उघडलं. रिले ओढला जातो त्याच क्षणी 5 व्होल्टचा पुरवठा 2 व्होल्टवर आणणारा एक झटका मुद्दाम घातला. दिवा लागला, लगेच विझला, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. स्टार्टरच्या काँटॅक्टरची, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची ठिणगी चिपच्या पुरवठ्यात शिरत होती, 2.7 व्होल्टच्या खाली उनो स्वतःला रीसेट करतो, रिले सुटतो, मोटार बंद, पुन्हा पाच मिनिटांची मोजणी. पडद्यावर वायर म्हणजे नुसती रेघ. तिथं ठिणगी उडत नाही. काँटॅक्टरच्या गुंडाळीला स्नबर (असा झटका शोषून घेणारा भाग) लावला, चिपचा पुरवठा वेगळा केला, चिपच्या वायरी काँटॅक्टरपासून लांब नेल्या.

मोटार आता नीट चालते. तो झटका मात्र मी फाईलमध्ये तसाच ठेवलाय. शेजाऱ्यांच्या पेटीचं सर्किट परवा आधी त्यातूनच काढलं.